एरंडेलाचा वास

५ जानेवारी १९६४, सांगली

जे कळत नाही ते लिहून पाहावं, असं मी वर्गात मुलांना सांगतो. आजपासून मीही पाहतो.

आई म्हणाली, "मला समुद्र दाव."

ती चुलीपुढे बसली होती. शालू भाकऱ्या थापत होती, आई शेकत होती. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"समुद्र. तुझा मेव्हना हाय की तितं."

शालूचा भाऊ जालिंदर मालवणला कस्टमच्या कचेरीत शिपाई आहे. तो कधीपासून बोलावतो आहे. पण आईला म्हसवड सोडून सांगलीला, माझ्या घरी आणायलाच काही वर्षं गेली. आल्यापासून तिने एक वस्तू मागितलेली नाही. लुगडंसुद्धा शालू आणून ठेवते तेव्हा नेसते.

"समुद्रात काय बघायचं हाय?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"पाणी," ती म्हणाली.

शालू हसली. मी हसलो नाही, कारण आई हसली नव्हती.

९ जानेवारी

संध्याकाळी सुजाता दारात पाटीवर बेरजा करत होती. आई तिच्याशेजारी बसली होती. मला म्हणाली, "समुद्राचं पाणी समदीकडं एकच आस्तं का रं?"

मला बरं वाटलं. सुजाच्या पाटीवर मी मुंबई काढली, मालवण काढलं, वर अरबस्तान, कोपऱ्यात बसरा. पाणी एकच आहे, असं सांगितलं. आईने बसऱ्यावर बोट ठेवलं.

बाबा पलटणीत होते. बेचाळीस साली त्यांची बोट बसऱ्याला निघाली आणि वाटेत बुडाली. म्हसवडच्या पोस्टात तार आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

"म्हंजे हितवर पोचलीच न्हाई," आई म्हणाली.

"नाही."

तिचं बोट खाली सरकलं आणि पाटीच्या रिकाम्या जागेवर थांबलं. "मग हितं म्हन की."

"कुठंतरी तिथंच."

सुजाला बेरजा पुऱ्या करायच्या होत्या. आई तिला पाटी पुसू देईना. शेवटी मी नवीन पाटी आणून दिली. आईला बाबांची आठवण आली असावी. पण इतक्या वर्षांनी आताच का, ते कळत नाही.

१९ जानेवारी

आईच्या कोपऱ्यातून एरंडेलाचा वास येतो.

आज बाहेरून लवकर परतलो. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर काहीतरी होतं. तिची बोटं तेलाने माखली होती आणि अंघोळीआधी लहान मुलाला चोळतात तसं ती ते चोळत होती. माझी चाहूल लागताच तिने वर पदर ओढला. मग ते जुन्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि कुलूप लावलं.

मी विचारलं नाही. चहा घेतला.

म्हसवडला आमच्या घरात कोनाड्यात देव होते. पितळेचे टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती. सिद्धनाथ, जोगेश्वरी, खंडोबा. सिद्धनाथ गावाचा देव. आम्हाला त्याच्या देवळात शिरता येत नसे. आई खालूनच हात जोडायची, पण रोज जोडायची. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी ते टाक माणगंगेच्या डोहात टाकले. आईनेच ते फडक्यात बांधून माझ्या हातात दिले होते. मी फडकं सोडून पाहिलं नव्हतं.

आत सगळे होते का, ते मला माहीत नाही.

२२ जानेवारी

अर्जुनाबद्दल लिहायला हवं.

अर्जुना आमच्यापासून दोन घरांवर राहतो. डिसेंबरात त्याच्या घरी पिठाच्या डब्यात टाक सापडला. त्याची आई बायडाबाई हिने तो ठेवला होता. विहाराच्या सभेत मी उठून बोललो. ज्याच्या घरात देव आहे त्याने इथे बसू नये, असं म्हणालो. अर्जुना उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या हातातून टाक ओढून घेतला आणि आयर्विन पुलावरून कृष्णेत टाकला. तेव्हापासून बायडाबाई कुणाशी बोलत नाही. अर्जुना सभेला येत नाही.

मी बरोबर बोललो असं सगळे म्हणाले. पुढच्या महिन्यात विहाराचा चिटणीस निवडायचा आहे. माझंच नाव आहे.

आता माझ्या घरात टाक निघाला, तर अर्जुनाला जे लावलं ते मला लावावं लागेल. आईला म्हसवडला परत पाठवावं लागेल.

हे लिहिलं आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखं वाटलं.

२ फेब्रुवारी

जालिंदरचं कार्ड आलं. शनिवारी या, म्हणतो. रविवारी होडीतून बेटावर जाऊ. समुद्रात किल्ला आहे, आत वस्ती आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि देवळंही आहेत. देवळांचं त्याने सहज लिहिलं आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आईला हे आधीच कुणी सांगितलं असेल का?

शालूला विचारलं, "आईच्या त्या गाठोड्यात काय आहे?"

"आत्याबाईंचं हाय. त्यास्नी इचारा."

"तुला माहीत आहे."

"मला लय म्हाईत हाय. पर तुमाला सांगायचं न्हाई असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"तुमीच की. सभेत."

ती भांडी घेऊन मोरीकडे गेली. टाकाबद्दल ती इतकं सहज कशी बोलू शकते, मला समजलं नाही.

जेवताना आई सुजाला गोष्ट सांगत होती. "तुजा आज्जा रजेवर आला की आदी बूट काडायचा. पाय सोलल्यालं असायचं. बूट चावायचं त्येला. मग रजा सरंस्तवर व्हाणांतच. जायच्या दिवशी उंबऱ्याजवळ व्हाणा काडून ठेवायचा आन् म्हनायचा, ह्यास्नी तेल पाजत जा, मी आलोच."

"मग?" सुजाने विचारलं.

"मग काय. भाकर खा."

ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती मला ऐकू येत नाही. सुजाशी आई पुष्कळ बोलते. माझ्याशी बोलताना शब्द मोजते.

८ फेब्रुवारी, मालवण

कोल्हापूरला गाडी बदलली. पुढे घाट. सुजाला उलट्या झाल्या. आई वाटभर ताठ बसून होती. गाठोडं मांडीवर, दोन्ही हात त्यावर. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर ठेवा की ते, कोन न्हेतंय?" आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी सांगलीत तिला म्हणालो होतो, गाठोडं घरी ठेव. ती म्हणाली, "मग मी बी घरीच ऱ्हाते." सुजाचा चेहरा पडला. मी गप्प बसलो. एवढं मोठं पाऊल मी गप्प बसून टाकलं.

जालिंदरच्या खोलीतून समुद्र दिसत नाही. नुसता ऐकू येतो. आई दाराशी बसून ऐकत होती.

९ फेब्रुवारी, मालवण

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी बंदरावर गेलो. जालिंदर पुढे, खांद्यावर सुजा. "दाजी, समुद्राला भिऊ नगा, त्यो मास्तरांचा पगार कापत न्हाई," म्हणाला. मग आईला म्हणाला, "मावशी, गाठोडं ठिवायचं की खोलीवर. किल्ल्यात काय बाजार भरतोय व्हय?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

समुद्र पाहिल्यावर ती काही बोलेल असं मला वाटलं होतं. ती वाळूत थांबली. लुगड्याचा काठ ओला होऊ दिला. बराच वेळ ती पाण्याकडे पाहत होती. गर्दीत कुणाची वाट पाहताना माणूस पाहतो, तसं. मग म्हणाली, "लयच हाय."

होडीत आम्ही पाच आणि एक नवराबायको. बाईच्या मांडीवर ताट होतं. खण, नारळ, हळदकुंकू. बेटावर भवानीचं देऊळ आहे, तिथे ओटी भरायची, असं तिने शालूला सांगितलं. आईने ते ऐकलं. तिने गाठोडं जवळ ओढलं. तेव्हाच मला कळून चुकलं की ही त्या बाईबरोबर देवळात जाणार. जे म्हसवडला जमलं नाही ते इथे करणार, जिथे तिला कुणी ओळखत नाही.

सुकाणूवर एक म्हातारा होता. दोघे वल्ही मारत होते. किनारा लहान झाला. बेट अजून दूर होतं. दोन्ही बाजूंना मोकळं पाणी. आई खळखळ ऐकत बसली होती. मग तिने गाठोड्याच्या गाठीला हात घातला.

मी म्हणालो, "आये, ते दे इकडं."

"राजा, थांब वाईच."

"दे."

मी ते घेतलं. तिने ओढून धरलं नाही. मला वाटलं होतं ती धरेल. हाताला वरून तेलकट कापड लागलं, आत काहीतरी टणक, जड. एरंडेलाचा वास आला. मी उभा राहिलो तशी होडी कलली. शालू म्हणाली, "आवं, बसा आदी." मी हात मागे नेऊन गाठोडं जमेल तितकं लांब टाकलं.

ताटवाल्या बाईने नारळ घट्ट धरला.

सुजा म्हणाली, "बाबा, ते बुडलं न्हाई."

ते तरंगत होतं. लाटेवर चढत होतं, उतरत होतं. मी तिला सांगितलं, कापडात हवा अडकते, थोड्या वेळाने बुडेल.

आईने म्हाताऱ्याला विचारलं, "दादा, काठाला तर येनार न्हाई न्हवं माघारी?"

"नाय गे आये. सुकती लागली हा. आता भायर जातला."

"भायर म्हंजी?"

ओहोटी सुरू झाली होती. त्याने हाताने पश्चिमेकडे, खुल्या समुद्राकडे दाखवलं. आई तिकडे पाहत राहिली. ते परत यावं असं तिला वाटत होतं की येऊ नये, तिच्या आवाजावरून मला ठरवता आलं नाही. गाठोडं ठिपक्याएवढं झालं. मग दिसेनासं झालं. बुडलं की दूर गेलं, तेही सांगता येणार नाही.

मी सगळ्याची तयारी ठेवली होती. शिव्याशाप, रडणं, बायडाबाईसारखं मौन. बायडाबाईच्या मौनाला मी सगळ्यात जास्त भीत होतो.

आई म्हणाली, "लांब टाकलंस. माजा हात पोचला नस्ता." थोड्या वेळाने म्हणाली, "तुज्याच हातानं झालं. बरं झालं."

शालूने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही. जालिंदर पाण्याकडे पाहत होता.

बेटावर आई वेगळीच बाई होती. चपला तिने होडीतच ठेवल्या आणि किल्लाभर अनवाणी हिंडली. विहिरीचं पाणी प्याली, सुजाला म्हणाली, "चारी बाजूनं खारं आन् मदी गोडं, बघ की कशी गंमत." तटावर बसून चटणीभाकरी खाल्ली. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. जालिंदरने तिला विचारलं, "मावशी, आवडला का समुद्र?" ती म्हणाली, "ह्यो काय आवडायचा हाय? पर वळख झाली."

देवळावरून आम्ही दोनदा गेलो. मी तिच्यावर नजर ठेवून होतो. तिने मान वळवली नाही. ओटी भरून आलेल्या बाईने तिच्यापुढे खोबऱ्याचा तुकडा धरला. आई म्हणाली, "आमी देवाचं घेत न्हाई बाई. आमी बुद्धाचं हाय. राग नगा मानू." ती बाईही रागावली नाही. दोघी लुगड्यांच्या किमतीवर बोलत बसल्या.

सभेत मला हे इतकं सोपं कधी बोलता आलेलं नाही.

परतताना आईला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर. मी हललो नाही. आज मी आईचा देव समुद्रात टाकला आणि आई माझ्या खांद्यावर झोपली. यातलं एक काहीतरी चूक आहे.

१२ फेब्रुवारी, सांगली

आईने एरंडेलाची बाटली शालूला दिली. "आता हे नगं मला. गाडीवानाला दे जा, वंगनाला हुईल." उसाच्या गाड्या आमच्या दारावरून कारखान्याला जातात. शालूने दुपारी एका गाडीवानाला ती देऊन टाकली.

आईला म्हसवडला पाठवण्याचं कारण उरलेलं नाही. मला हायसं वाटायला हवं.

२२ फेब्रुवारी

धोंडीबाकाका आले. बाबांचे धाकटे भाऊ. म्हसवडहून बाजरी आणि शेंगा घेऊन. उद्याच्या सभेसाठी मी चार ओळी लिहीत बसलो होतो. "माझ्या घरात देव नाही," ही पहिली.

काका आईशी गावच्या गोष्टी बोलत होते. कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं. मग म्हणाले, "वैनी, यंदा दादाच्या व्हाणास्नी तेल पाजलं का न्हाई? का सांगलीला आल्यावर इसारला?"

मी लिहायचं थांबलो.

"न्हाईत आता व्हाणा," आई म्हणाली. "कातडं चिराय लागलं हुतं. मी गेल्यावर कोन पाजनार तेल? आन् त्यो तितं बुटात. पाय सोलल्यालं असत्याल."

"मग?"

"ज्येच्या हुत्या त्येला पोचल्या. त्येच्याच पटक्यात बांदून. राजानं पोचवल्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "ब्येस केलंस पोरा," म्हणाले. "बापाचं पोरानंच कराय लागतंय."

मी म्हणालो, "काका, मी काही..."

शालूने माझ्यापुढे ताट ठेवलं. जरा आपटूनच. "जेवा आदी. गार व्हतंय."

आई माझ्याकडे पाहत नव्हती. शेंगा सोलत होती. सोललेले दाणे सुजाच्या ओंजळीत टाकत होती.

काका झोपल्यावर मी तिला विचारलं, "मला आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं अस्तं तर तू नेलं अस्तंस व्हय? ह्ये श्राद्ध हाय म्हनला अस्तास."

म्हणालो असतो. श्राद्ध करणार नाही, असं दीक्षेच्या शपथेत आहे आणि ती शपथ मी मुलांकडून पाठ करून घेतो.

"मी ते देव म्हणून टाकलं, आये."

"टाकलंस न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं. पोचल्याव कोन इचारतंय काय म्हनून धाडलं."

ती उठली आणि टरफलं चुलीत घातली.

चार ओळी मी पुन्हा वाचल्या. माझ्या घरात देव नाही. हे खरं आहे. छप्पन सालापासून खरं आहे. मग मी कोणावर हात उगारला होता? आणि जे केलं ते शपथ मोडणारं होतं की नव्हतं? ज्याला आपण काय करतो आहोत हे माहीतच नाही, त्याने केलेलं धरायचं का? अर्जुनाला तर माहीत होतं.

गाठोडं तरंगलं होतं. पितळ तरंगत नाही. मी सहावीला शिकवतो हे.

२३ फेब्रुवारी

सभा झाली. माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. माझ्या घरात देव नाही, एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य आलं नाही. लोकांना वाटलं भाषण संपलं. टाळ्या वाजल्या. चिटणीसपदाचं मागाहून सांगतो म्हणालो. का, असं दोघातिघांनी विचारलं.

अर्जुना आला नव्हता.

बाहेर पायरीशी सगळ्यांच्या वहाणांचा ढीग होता. जुन्या, नव्या, टाचेला झिजलेल्या. काही तेल पाजलेल्या. लोक आपापल्या पायात सरकवून निघून गेले. ढीग कमी होत गेला. मी वाकून पाहत होतो. त्यातल्या माझ्या कोणत्या, ते बराच वेळ कळेना.